डावीकडे उलटं

जीपच्या पुढच्या डाव्या चाकाचा नट सुटत नव्हता, म्हणून शेजारचा लेस्टर पान्यात अडकवलेल्या लोखंडी पाइपवर दोन्ही पायांनी उभा राहिला, आणि त्याला पडू न देण्याचं काम मीराकडे आलं.

"हलतोय का?" मीराने विचारलं.

"हलंल गो. तुझ्या आबांनी आवळलाय तो. मानूस गेला, पन पकड नाय सुटली बघ."

ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या बायजाबाईंनी, म्हणजे मीराच्या आईने, हे ऐकून डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात 'कट्' असा आवाज झाला.

"सुटला!" लेस्टर ओरडला.

सुटला नव्हता. नट ज्या स्टडवर, म्हणजे आट्यांच्या दांड्यावर, बसतो, तो स्टडच अर्ध्यातून तुटून नटासकट मातीत पडला होता.

आबा, म्हणजे मीराचे वडील दिनानाथ, गेल्यापासून जीप अंगणात उभी होती. एक चाक बसलं होतं आणि बॉनेटवर शेजारची कोंबडी अंडी घालत होती. भावकीतल्या धर्माकाकांनी शेवटी सांगून टाकलं, "रविवारी भंगारवाला येतोय. त्याच्याआधी गाडी सोताच्या चाकांवर फाटकाबाहेर गेली, तर तुमची. नायतर वजनावर जाईल." त्यावर नायगावच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, आयुष्यात फक्त स्कूटर चालवलेल्या मीराने सगळ्या भावकीसमोर जाहीर केलं होतं, "आबांची जीप मी चालवणार. मी त्यांना शब्द दिलाय."

शब्द खरंच दिला होता. हॉस्पिटलमध्ये, शेवटच्या दिवशी. तो ऐकून आबांनी डोळे उघडले होते आणि ऑक्सिजनच्या मास्कमधून, मशीनच्या घरघरीत, कसंबसं म्हणाले होते, "मीरा... डावीकडे... उलटं फिरव." मीराने आणि नर्सने त्यांना अलगद डाव्या कुशीवर वळवलं. "तसं नाय," आबा म्हणाले. मग उशी बदलली. पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली, खाली केली. पुन्हा वळवलं. अखेर आबा भिंतीकडे तोंड करून गप्प राहिले, आणि सगळ्यांना वाटलं, आता त्यांना बरं वाटतंय.

दहाव्याला मीराने ही गोष्ट सांगितली, तेव्हा गुरुजी गहिवरले. "उलटं म्हणजे अपसव्य, जानवं फिरवतात तसं. पितरांची बाजू! पुण्यवंताला आधी कळतं." त्यानंतर जो भेटायला येईल त्याला मीराने ती सांगितली होती. सांगताना तिला जरा बरं वाटायचं.

"दुसरा घेऊ," लेस्टर म्हणाला. "एकाने काय होतंय?"

दुसराही 'कट्' झाला. तिसऱ्याला तेल पाजलं, चौथ्याला मेणबत्तीने शेक दिला. पाचव्याच्या वेळी लेस्टरने छातीवर क्रूस केला आणि उडीच मारली. चाक निघालं खरं, पण मागे पाच खुंट राहिले.

मातीतला एक तुकडा उचलून लेस्टरने त्याच्या टोकावरचं ग्रीस अंगठ्याने पुसलं. "हे बघ. एल. माझ्या पप्पांनी तुझ्या आबांना जीप विकली, त्याच्याआधीचं हे. मी जन्मलो तेव्हा पप्पांनी कोरून घेतलं. एल, लेस्टर."

"आणि उजवीकडे?"

"उजवीकडे आर. रोझी. ममीचं."

मीराला गलबलून आलं. एका बापाने मुलाचं नाव कोरलं आणि दुसऱ्याने ते पुसलं नाही. असली माणसं आता राहिली नाहीत, असं काहीतरी ती बोललीसुद्धा.

वसईच्या बाजारातल्या दुकानदाराने तुटका तुकडा न बघताच, "जुनी जीप ना? सगळे सारखेच," म्हणत पाच नवे स्टड दिले. ते जुन्या खुंटांच्या जागी, चाकामागच्या ब्रेक-ड्रमच्या भोकात मागून घट्ट दाबून बसवायचे असतात, हे मीराने मोबाइलवरच्या एका व्हिडिओत पाहिलं. स्टड गार करायचा म्हणजे तो आकसतो, ड्रम तापवायचा म्हणजे भोक फुलतं. सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टड फ्रीजरमध्ये कोळंबीच्या पिशवीशेजारी झोपले होते आणि जीपचा ब्रेक-ड्रम गॅसच्या शेगडीवर बसला होता. जुन्या ग्रीसचा धूर घरभर झाला. पलीकडच्या घरातून शेजारीण डायनाने हाक मारली, "बायजाकाकू, काय जळतंय?"

"जेवान नाय, जीप!" बायजाबाईंनी तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं आणि मग मुलीकडे वळल्या. "भाकरी कुटं टाकू? याच्यावर?"

"आई, दहा मिनिटं."

"बाप तुझा अंगनात गाडी खोलायचा. सैपाकघरात पाय नाय ठेवला कदी गाडीने."

व्हिडिओतला माणूस स्टड हलकेच आत सरकवत होता. मीरा हातोडीने ठोकत होती. एकदा बोटावर बसली, एकदा ओट्याच्या कडप्प्यावर. कडप्प्याचा टवका उडाला. बायजाबाईंनी तो उचलून पदराच्या टोकाला बांधला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. पण पाचही स्टड बसले. लेस्टरने टाळ्या वाजवल्या.

आता स्टडवर जुना नट फिरवून पाहायचा, एवढंच राहिलं होतं. नट एक आटाही चढेना. दुसरा घेतला, तोही नाही.

"नवा माल भिकार," लेस्टर म्हणाला. "पाइप आणू?"

"थांब." मीराच्या हातात कालचा तुटका तुकडा होता, नटासकट. विचार करता करता ती नकळत तो नट फिरवत होती. आवळतात त्या बाजूला. आणि नट दोन बोटांनी, लोण्यातून निघावा तसा, अलगद सुटून तिच्या तळहातावर आला.

तिने तो परत चढवला, परत काढला. आटे उलटे होते. काल दिवसभर लेस्टर नट सोडवत नव्हता, आवळत होता.

"लेस्टर," ती हळूच म्हणाली, "हा एल म्हणजे लेफ्ट असणार. डाव्या चाकांचे आटे उलटे. डावीकडे..."

वाक्य तिथेच थांबलं. पुढचा शब्द आबांचा होता.

लेस्टरने तुकडा तिच्या हातातून घेतला. "म्हंजी आर रोझी नाय?"

"राइट असेल."

"ममीचं पन नाय?" त्याने तुकडा पुन्हा एकदा पुसला. पुसून एल बदलणार नव्हता. "बरं झालं ममी गेली."

बायजाबाई दारात उभ्या होत्या. "म्हंजी ते कुशीचं नव्हतं?"

"नाही, आई."

"तरी मी म्हनत होते. जलमभर उजव्या कुशीवर झोपले, मरताना डावी कशाला आठवंल त्यांना?"

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तू शिकलेली. आनि नर्स पन होती."

आबांना वळवायला नर्सला मीरानेच सांगितलं होतं. 'तसं नाय' हेही तिला स्वच्छ ऐकू आलं होतं.

सरळ आट्यांचे नवे नट बाजारातून आले आणि चाक लागलं. रविवारी, लेस्टर बाजूला बसून ओरडत असताना, मीराने जीप पहिल्या गिअरमध्ये कण्हत कण्हत फाटकाबाहेर नेली. धर्माकाका शब्दाचे पक्के. त्यांनी भंगारवाल्याला चहा पाजला आणि त्याचा हिरमोड जावा म्हणून मीराला म्हणाले, "आमच्या दिनानाथाची शेवटची गोष्ट सांग गो ह्यांना. काय म्हनाला होता?"

मीराने आईकडे पाहिलं. आई कपबश्या उचलू लागली.

"डाव्या कुशीवर झोपवा म्हणाले," मीरा म्हणाली.

भंगारवाल्याने हात जोडले. मीराला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

पुढे काही महिन्यांनी नायगावजवळ जीपचं मागचं डावं, अजून जुन्याच नटांचं, चाक बसलं. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने जॅक लावला, पान्यात पाइप अडकवला आणि पाय वर उचलला. शेजारी हवेचा कॉम्प्रेसर घरघरत होता. मीरा धावत आली, तिला धाप लागली होती.

"भाऊ, डावीकडे... उलटं फिरवा!"

त्याने तिच्याकडे पाहिलं. बाईमाणूस, एवढं ऊन, घामाघूम. त्याने प्लास्टिकची खुर्ची उचलली, डावीकडच्या सावलीत नेली आणि उलटी फिरवून ठेवली. "बसा मॅडम."

"तसं नाही!"

"पाणी देऊ?" त्याने तिला दंडाला धरून अलगद बसवलं, आणि हात पुसत चाकाकडे गेला.

'कट्.'

"सुटला!" तो आनंदाने म्हणाला.

मीरा उठली नाही. समोर दुकानाची भिंत होती. तिच्याकडे तोंड करून ती गप्प बसून राहिली. पंक्चरवाल्याने एकदा वळून पाहिलं. त्याला वाटलं, मॅडमना आता बरं वाटतंय.