डोंगरावरून उतरलेले दोघे

"बर्फाचं मला सांगू नका! या डोंगरावर मी डोळे मिटून चढतो!" असं तुंडुप वर्षातून निदान शंभरदा म्हणत असे. एकदा ते करूनही दाखवावं लागेल, हे मात्र त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

हिवाळा सरत आला होता. झंस्कारमध्ये सगळ्यात वाईट काळ हाच. कणग्या तळाला गेलेल्या, गुरं हाडांवर आलेली, आणि ऊन चढलं की वरचं बर्फ सैल होऊन धडाधड खाली येतं. त्यात तुंडुपची बायको पालमो वीस दिवस खोकत होती. आडवी झाली की श्वास पुरत नसे, म्हणून रात्ररात्र भिंतीला टेकून बसायची. दवाखाना खिंडीपलीकडे, दोन दिवसांच्या वाटेवर. उचलून न्यायचं तर आठ माणसं हवीत. तुंडुप गावच्या मुखियाचे, म्हणजे गोबाचे, उंबरे झिजवून आला.

"अरे, मलाही कळतं," गोबा म्हणाला. "पण गेल्या वर्षी खिंडीच्या उतारावर दोघे गाडले गेले. जूनमध्ये सापडले! पंधरा दिवस थांब."

"तिला विचारून येऊ का, थांबतेस का म्हणून?"

गोबा चहा पीत राहिला. बाकीच्यांचंही तेच. दया सगळ्यांना येत होती, पण दयेला पाय नव्हते.

शेवटी म्हाताऱ्या लामांना बोलावलं. त्यांना सगळं गाव मेमे, म्हणजे आजोबा, म्हणतं. मेमेंनी रीतीप्रमाणे पेंढ्याची बाई केली, तिला सत्तूच्या पिठाचं तोंड लावलं आणि वर पालमोचा रोजचा लोकरी अंगरखा चढवला. आजार आणणाऱ्या भुताने हिलाच पालमो समजावं आणि हिला घेऊन चालतं व्हावं! संध्याकाळी तुंडुपने ती बाई पाठुंगळी घेऊन घरामागच्या डोंगरावर नेऊन ठेवली.

"मागे वळून बघायचं नाही," मेमेंनी बजावलं होतं. "तीन दिवस तिच्याकडे तोंड करू नकोस. तोंड केलंस, तर भूत तुझ्या पावलावर पाऊल टाकून घरी येईल."

तुंडुप नाकासमोर बघत खाली आला. रात्री बर्फ पडलं आणि त्याची जाण्यायेण्याची पावलं बुजून गेली. पहाटे पालमोला अशी उबळ आली, की तिचे ओठ निळे पडले.

"गोळ्या कुठायत गं?" थंडीआधी दवाखान्यातून आणून ठेवलेलं पाकीट तुंडुप शोधायला लागला.

"पाकीट... अंगरख्याच्या... आतल्या खिशात."

"कुठल्या अंगरख्याच्या?"

पालमोने नुसतं डोंगराकडे बोट दाखवलं. तुंडुपने कपाळ बडवून घेतलं. बायकोच्या गोळ्या त्याने स्वतःच्या हाताने भुताला नेऊन दिल्या होत्या!

"पण त्यात..." पालमो म्हणेपर्यंत गडी दाराबाहेर.

बाहेर आल्यावर त्याला नियम आठवला. मग त्याने डोकं चालवलं. नियम तोंडाचा आहे, पाठीचा नाही! तुंडुप वळला, डोंगराकडे पाठ केली आणि उलटा चढू लागला.

डोळे मिटून चढणं वेगळं आणि उलटं चढणं वेगळं. दहा पावलं झाली की तो बदकन बसायचा. उठायचा, पुन्हा बसायचा. वरून बर्फ सुटलं तर ते दिसणारही नव्हतं. एकदा वरती कुठेतरी खोल, दबका आवाज झाला, तेव्हा तो बसल्या जागी ओरडला, "आत्ता नको रे बाबा! आधी गोळ्या तिला पोचू देत!"

शेवटी मानेला काहीतरी गार, मऊ लागलं. पिठाचं नाक! तुंडुपची बोबडीच वळली. तरी त्याने हात मागे नेला, चाचपडत अंगरख्यात घातला, पाकीट ओढलं आणि न बघता छातीशी धरून सरळ खाली धूम ठोकली.

"घे! आणल्या!"

पालमोने पाकीट उघडलं. आत सुया होत्या.

"गोळ्या परवाच संपल्या," ती धापा टाकत म्हणाली. "सुया... हरवतात म्हणून... त्यात ठेवल्या. सांगत होते, तर पळालास."

तुंडुप तिच्या पायाशी बसला आणि ओक्साबोक्शी रडला. आता त्याला खरंच काही सुचत नव्हतं. ती मरणार, हे त्याला पहिल्यांदाच स्वच्छ दिसलं.

तेवढ्यात बाहेर किंकाळी फुटली. शेजारची डिस्किट छतावरचं बर्फ लोटायला चढली होती.

"उतरलंय! अगं आई गं, डोंगरावरून उतरलंय!"

हां हां म्हणता गाव जमलं. ताज्या बर्फात पावलं स्पष्ट होती. वर जाणारं एकही नाही, सगळी खाली येणारी. आणि थेट तुंडुपच्या दारात!

"एक नाही, दोन आहेत!" डिस्किट छतावरून ओरडली. "दोन रांगा आहेत बघा!"

"एक पालमोसाठी," कोणीतरी म्हणालं. "मग दुसरं कोणासाठी?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. कालपासून शिंकणारा गोबा हळूच सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

"अहो, ते..." तुंडुप बोलायला गेला.

"तू गप्प!" मेमे कडाडले. ते वाकले, पावलं बघत थोडे वर चढले आणि सावकाश परत आले. "दोघंही पालमोच्या मागावर आहेत. ती गावात, तोवर ही भुतंही गावात."

"मग तिला न्या ना दवाखान्यात!" गोबा ओरडला. "ऊन चढायच्या आत! बघता काय? उचला!"

काल आठ माणसं मिळत नव्हती, आज चौदा आली! पालमोला अंगरखा नाही म्हटल्यावर गोबाने स्वतःचा मेंढीच्या कातड्याचा कोट काढून दिला. परतसुद्धा नको म्हणाला. खिंडीच्या उतारावर कोणी शब्द बोललं नाही. ते पलीकडे पोचले आणि तासाभरात तो अख्खा उतार खाली आला. मागून चालणारे मेमे तेवढे थांबून हात जोडून उभे राहिले. बाकी कोणी मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यातला डॉक्टर बाहेर आला. "वाचेल. अजून दोन दिवस घालवले असते, तर आशा नव्हती."

तुंडुप ओसरीवर मेमेंच्या शेजारी जाऊन टेकला. चौदा माणसांना आपण त्या उताराखालून आणलं, हे त्याच्या मनाला टोचत होतं.

"मेमे, ती पावलं... ती भुतांची नव्हती."

"माहीत आहे," मेमे जपमाळ ओढत म्हणाले. "दर दहा पावलांवर बुडाचा ठसा होता. भूत बसत नाही, तुंडुप."

"मग तुम्ही सगळ्यांना..."

"गावात अवाक्षर काढू नकोस. पुढच्या हिवाळ्यातही कोणीतरी आजारी पडेलच." मेमेंनी एक मणी पुढे सरकवला. "फक्त त्या वेळी न पडता चढ."