शंकेची तोडचिठ्ठी

बारावी सायन्सच्या मुलांना रसायनात आणि भौतिकशास्त्रात शंका येतात, ही गोष्ट आमच्या गावाच्या लक्षात तशी उशिराच आली. डाळजच्या पुढे हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं. गावात ऊस आहे, ज्युनिअर कॉलेज आहे आणि घरोघरी मोबाईल आहेत. त्या मोबाईलवर गृहपाठाला मदत करणारं एक ॲप आलं होतं. अडलेला प्रश्न त्यात टाकायचा, की पलीकडून कुणी ऑनलाइन गुरुजी उत्तर पाठवायचे. मिनिटाभराचं काम. इतक्या सोप्या कामाला एखादी संस्था नसावी, हे गावाला शोभत नव्हतं.

म्हणून विजयसिंह आबांच्या अध्यक्षतेखाली 'प्रगती शंकानिरसन सहकारी संस्था मर्यादित' स्थापन झाली.

"ज्येनं त्येनं आपापलं ॲप घेतलं तर सहकार कुठं ऱ्हायला?" असा सवाल आबांनी केला आणि कुणीही आपापलं ॲप घ्यायचं नाही, असा ठराव मंजूर झाला. संस्थेने साऱ्या गावात मिळून ॲपचं एकच खातं घेतलं, ते एका मोबाईलवर सुरू केलं आणि तो मोबाईल कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. किल्ली आबांच्या खिशात गेली.

आता कामकाज चालवायचं कसं? गावाला एकच पद्धत ठाऊक होती, कारखान्याला ऊस घालायची. तीच शंकांना लावली. शंका आली की आधी नोंद करायची: लागणीची तारीख, विषय, प्रकार. यंदाच्या धड्यातली शंका ती 'सुरू', आणि अकरावीत राहून गेलेली, पुन्हा फुटलेली ती 'खोडवा'. नोंदीनंतर पाहणी, पाहणीनंतर क्रमवारी, आणि पाळी आली की तोडचिठ्ठी, म्हणजे तोडणीचा परवाना. चिठ्ठी दाखवल्याशिवाय कपाट उघडायचं नाही.

संस्थेचा सभासद शंभूराज, त्याची मुलगी प्रतिक्षा बारावीला होती. बापाने तिला सांगून ठेवलं होतं, "रसायनात मार्क पडलं तर बारामतीला बी.एस्सी.ला घालतो. न्हाय पडलं तर पावनं बघायला येतील, मग माज्या नावानं रडायचं न्हाय." व्यवहार स्वच्छ होता. पोरगी अभ्यासाला लागली. दिवाळीनंतर रसायनाच्या गृहपाठात तिला एक शंका आली. एकच. बाकी सगळं तिचं तिने सोडवलं होतं. तिने रीतसर नोंद केली.

पाहणीला चिटबॉय आला, कारखान्याचा माणूस शेतोशेत फिरून उसाची नोंद घेतो तसा. हुद्दा चिटबॉय, नाव आबाजी, वय साठीच्या पुढे.

"शंका कुठं हाय?" आबाजींनी विचारलं.

"डोक्यात हाय, आजोबा."

"उभी हाय का?"

"उभीच हाय की. झोपू दीना."

"आडवी पडू दिऊ नकू. साखरंचा उतारा बसत न्हाय मग." एवढं बोलून आबाजींनी चहा घेतला, 'शंका जोमदार, तोडीस योग्य' असा शेरा मारला आणि ते पुढच्या घराकडे निघाले.

क्रमवारी लागली. ती अत्यंत न्याय्य होती. आधी संचालकांची मुलं, मग संचालकांच्या मेव्हण्यांची, मग सभासद. आबांचा नातू इंद्रजित सहावीत होता. त्याची शंका मोबाईलवरच्या क्रिकेटच्या खेळात पुढची पायरी कशी गाठायची, अशी होती. ती तातडीची ठरून तीन दिवस कपाट उघडं राहिलं. त्यानंतर आबांच्या इंदापूरच्या व्याह्यांकडून कार्यक्षेत्राबाहेरच्या शंका आल्या. पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं? सभासदांच्या शंका शिवारात उभ्या राहिल्या.

जानेवारी उजाडला तशी प्रतिक्षा कॉलेजात रामहरी सरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. रसायन आणि भौतिकशास्त्र दोन्ही रामहरी सरच शिकवायचे. गावात या विषयांतलं कळणारा हा एकच माणूस, म्हणून संस्थेने त्यांना सचिव केलं होतं. तेव्हापासून ते मीटिंगमध्ये असत.

"सर, एक शंका..."

"थांब!" सरांनी दोन्ही हात वर केले. "पुढं बोलू नको. मी ऐकलं तर उत्तर तोंडातनं निसटंल. नोंद हाय का?"

"हाय की, सर. पाळी न्हाय आली."

"मग पाळी सोडून उत्तर दिलं तर सचिव म्हणून माझ्यावर कारवाई हुईल."

"पण सर, तुमी सर पण हायसा ना?"

बिचाऱ्या सरांना वाईट वाटलं असावं. मग त्यांनी तपासायचे पेपर बाजूला सारले आणि इतिवृत्त लिहायला घेतलं.

प्रतिक्षाने मग शेवटचा उपाय केला. वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये तिची मावसबहीण राजेश्वरी राहायची. ती रसायनात एम.एस्सी. झालेली. तिला फोन करावा म्हटलं तर घरात रेंज नाही. रेंज गावात एकाच ठिकाणी चांगली मिळायची, संस्थेच्या पायरीवर. तिथे बसून तिने फोन लावला. "ताई, रसायनाचं एक विचारायचं हुतं," एवढंच ती बोलली आणि दारात आबा उभे राहिले.

संध्याकाळी शंभूराजच्या हातात नोटीस पडली. 'आपल्या पाल्याने संस्थेकडे नोंदलेली शंका परस्पर कार्यक्षेत्राबाहेर देण्याचा प्रयत्न केला असून, आपले सभासदत्व रद्द का करण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा.' शंभूराज धावत आबांकडे गेला.

"शंभूराव, नियम मी केला न्हाय, समद्यांनी केलाय," आबा मायेने म्हणाले. "तुमचा ऊस बी उभा हाय न्हवं अजून?"

ऊसतोडीच्या टोळीवरही आबांचाच शब्द चालायचा. शंभूराजने घरी येऊन पोरीचा मोबाईल काढून घेतला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "आपल्या शंकेपायी ऊस वाळवायचा व्हय गं?" पोरगी रडली. आई भाकरी थापत राहिली.

पेपरात चार मार्कांना नेमका तोच प्रश्न आला. प्रतिक्षाने तो वाचला, ओळखला आणि कोरा सोडला. पेपर झाल्यावर आठवड्याने आबाजी घरी आले, हसतमुखाने. तोडचिठ्ठी आली होती.

मे महिन्यात निकाल लागला. रसायनात ती घसरली होती, थोडक्यात, पण घसरली. जूनमध्ये संस्थेची वार्षिक सभा भरली. सचिवांनी अहवाल वाचला: परीक्षा संपल्याने सर्व शंका आपोआप निकाली निघाल्या असून हंगामअखेर एकही शंका शिल्लक नाही. टाळ्या पडल्या. मागच्या बाजूला बायकांमध्ये बसलेली प्रतिक्षा उठून उभी राहिली.

"माजी शंका शिल्लक हाय, आबा."

सभा तिच्याकडे वळली. आबा कौतुकाने हसले. "पोरगी धीट हाय. सचिव, पुढच्या हंगामाला हिची खोडव्यात नोंद घ्या. हाय का मंजूर?"

"मंजूर, मंजूर!" मंडप दणाणला. शंभूराजचाही हात वर होता. सभासदांना स्टीलचा एकेक डबा वाटण्यात आला.

दिवाळीत कऱ्हाटीचे पाहुणे बघायला आले. पोहे झाले, शिक्षण, स्वयंपाक, उंची सगळं विचारून झालं. मग मुलाचा चुलता मोठ्या मनाने म्हणाला, "पोरी, तुला बी काय इचारायचं आसल तर इचार. आमी जुन्या इचाराचं न्हाय."

प्रतिक्षाने मान वर केली. वर्षभरात असं पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं.

"एक शंका हाय," ती म्हणाली. "रसायनाची."

पाहुणे खो-खो हसले. "मग लगीन झाल्याव आमच्या पोराला इचार की! त्येच्याकडं मोबाईल हाय."

सगळे हसले, शंभूराज जरा जास्तच हसला. तारीख धरली गेली.

आता तुम्ही म्हणाल, काय गाव आहे हो! अध्यक्षापासून सोयऱ्यापर्यंत कुणीच, अगदी सख्ख्या बापानेसुद्धा त्या लेकराला 'बाई, तुझी शंका आहे तरी काय?' असं एकदाही विचारलं नाही. खरं आहे. तळपायाची आग मस्तकात जावी अशीच गोष्ट आहे.

पण मी मघापासून सांगतोय, तुम्ही मघापासून वाचताय. तुम्हाला तरी कुठे विचारावंसं वाटलं?