धाकटीची पत्रकार परिषद आणि आमचं भजनी मंडळ

या, असे जवळ सरका. कीर्तनाला उशिरा आल्यासारखे दारात उभे राहू नका. गोष्ट माझ्या धाकट्या बहिणीची आहे, आणि सांगताना माझं डोकं अजून तापतं. तेव्हा मध्ये कुणी बोलायचं नाही!

धाकटी निवडणुकीला उभी होती. तरुणपणी ती गर्दच्या, त्या पुडीतल्या नशेच्या, नादी लागली होती. देवाच्या कृपेने त्यातून बाहेर आली, आणि आता तशाच अडकलेल्या पोरींसाठी घर चालवते. पण विरोधकांनी जुनं सगळं उकरून काढलं, आणि पत्रकार आमच्या दाराशी माश्यांसारखे घोंगावू लागले.

"दादा, मी खरं तेच सांगणार," ती म्हणाली. "निवडून नाही आले तरी चालेल. पण चिमणीचं काय झालं, ते लोकांनी ऐकलंच पाहिजे."

चिमणी तिची जिवाची मैत्रीण. दोघी एकत्रच त्या वाटेला गेल्या. धाकटी परत आली. चिमणी नाही आली.

"तू फक्त बोल!" मी छाती फुगवली. "सभागृह सांभाळायला तुझा दादा आहे ना!"

खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून मी आमचं अख्खं भजनी मंडळ पुढच्या रांगांत बसवलं. टाळ घरी ठेवायला बजावलं होतं. त्यांनी ठेवलेही. गळे मात्र बरोबर आणले!

पहिलाच पत्रकार उठला, केसांना तेल आणि जिभेला विष लावून आलेला. "ताई, तुम्ही नशा करत होता, हे खरं का?"

धाकटी शांतपणे उभी राहिली. "हो. मी गर्द ओढायचे." आणि श्वास घ्यायला थांबली.

घात झाला! बुवांनी ओळ संपवून श्वास घेतला की मागच्यांनी ती उचलायची, ही आमच्या मंडळाची जन्माची सवय. पहिल्या रांगेतून खणखणीत सूर उठला, "गर्द ओढायचे हो, गर्द ओढायचे!"

मृदंगवाल्या काकांनी समोरच्या खुर्चीच्या पाठीवर ठेका धरला. कॅमेरे वळले. मी दोन्ही हात उंचावून "थांबा, थांबा!" अशी खूण केली. पण आमच्याकडे हात उंचावले की लय वाढवतात! मंडळी डोळे मिटून दुप्पट वेगाने सुटली. मी आणखी हात हलवले, ते आणखी रंगले.

त्या गजरात धाकटी बोलत होती. ओठ हलताना दिसत होते. चिमणीचं नाव घेताना तिचा चेहरा कसा होतो, ते मला माहीत आहे. ऐकू कुणालाच गेलं नाही. आणि पत्रकार? पोट धरधरून हसत होते!

माझं टाळकंच सरकलं. मी माइक हिसकावला. "अरे निर्लज्जांनो! शाळेच्या भिंतीमागे आज पुड्या कोण विकतो? ते विचारा की त्या समोरच्या उमेदवाराला!"

मीही श्वास घ्यायला थांबलो.

"पुड्या कोण विकतो हो, पुड्या कोण विकतो!"

आणि काय सांगू, कॅमेऱ्यांचे दिवे पटापट विझले! हसू आटलं. तेलकट महाशय वायर गुंडाळू लागले. संध्याकाळी बातम्यांत फक्त पहिली ओळ दाखवली, ठेक्यासकट.

निवडणुकीत धाकटी पडली. निकाल ऐकून घरी येऊन म्हणाली, "दादा, सूर मात्र छान लागला होता हं तुमचा." त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी विजयी उमेदवाराचा माणूस दारात हजर! "काका, साहेबांच्या सभेला तुमचं मंडळ मिळेल का? गर्दी छान धरून ठेवतं." मी त्याच्या तोंडावर धाडकन दार लावलं. त्यात माझंच बोट चेमटलं, तो भाग वेगळा.

असो. आत्ता मागे कुणी गात नाही, तेवढ्यात धाकटीचं त्या गजरात बुडालेलं बोलणं सांगून टाकतो. चिमणी बरी व्हायला दवाखान्यात गेली होती. तिथल्या माणसाने भरल्या रांगेत मोठ्याने विचारलं, "काय गं, किती ओढतेस?" सगळे हसले. ती दारातूनच माघारी फिरली, ती कायमची.

आज हात जोडाल तेव्हा त्या चिमणीची आठवण काढा. पण मनातल्या मनात हं, मोठ्याने नको. मंडळी शेजारीच राहतात!