भिकूनानांचा 'म'

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. पत्रं आणि परीक्षेचे पेपर यांपलीकडे कधी काही लिहिलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण भिकूनानांबद्दल दुसरं कोणी लिहील, असं वाटत नाही.

डिलाईल रोडच्या चाळीत नाना आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहायचे. अनोळखी माणूस भेटला की त्याचं नाव-गाव नंतर. आधी प्रश्न, "तुमच्यात आईला काय म्हणतात? आणि मातीला?"

नाना मिलमध्ये साच्यावर कापड विणायचे. गिरण्यांचा संप लांबला तसे पुष्कळजण गावाला गेले. नाना वही घेऊन रस्त्यावर उतरले. त्यांचं म्हणणं एकच, जगात आई आणि माती दोघी 'म'च्या. "आपली माय, माती. भय्याची माई, माटी. इडलीवाल्या अण्णाची अम्मा नि मण्णु. बघ, म हाय का नाय!" वहीची पहिली ओळ मात्र कोरी होती. विचारलं की म्हणायचे, "ती रिझर्व हाय."

तळमजल्यावरच्या गुजराती शेठनी आईला 'बा' म्हणतात असं सांगितलं, तेव्हा नाना दोन दिवस घुश्शात होते. "बा? अरे, आमच्यात बा म्हणजे बाप! यांच्या घरात हाक मारली की धावतं कोण?" तो शब्द त्यांनी वहीत घेतलाच नाही.

मग माझगावच्या गोदीपाशी त्यांना एक रशियन खलाशी सापडला. नानांनी जमिनीकडे बोट दाखवलं, मग मूल जोजवून दाखवलं. तो म्हणाला, "मात." नाना धापा टाकत घरी आले. "रशियात पण मातीच रे!"

मी कॉलेजच्या लायब्ररीत पाहिलं. मात म्हणजे आई. दोन दिवसांनी बिचकत त्यांना सांगितलं.

"मग मी येवढे दिवस काय सांगतोय? एकच रे ते!"

मला हसू आलं. नाना हसले नाहीत.

"लहानपणी काकीला विचारायचो, माझी आवस खंय, आई कुठं हाय? ती म्हणायची, मातीत गेली. मग मी परसात काठीनं उकरत बसायचो." वही मिटून ते म्हणाले, "मी दीड वर्साचा होतो. तिला काय म्हणायचो, एकदा तरी हाक मारली का नाय, काय ठाव नाय."

"तुमच्या मोठ्या बहिणीला आठवत असेल. अक्काला विचारा ना."

"पन्नाशीच्या माणसानं? हसंल ती."

शेवटी त्यांनी सांगितलं आणि मी कार्ड लिहिलं. उत्तर येईना. पोस्टमन दिसला की नाना जिन्यात उभे. त्याच्या आईचा आणि मातीचा शब्द कधीच विचारून झाला होता, तरी उभे. पाऊस संपला, दिवाळी झाली. मिल काही नानांना परत बोलावीना. ते एका बिल्डिंगवर वॉचमन म्हणून लागले.

आणि एका रविवारी कार्ड आलं. अक्काने सांगितलेलं, तिच्या नातवाच्या गोल अक्षरात. नाना चष्मा शोधायचं नाटक करत म्हणाले, "तूच वाच. हळू वाच."

मी वाचलं: "आम्ही सगळी भावंडं तिला बाय म्हणायचो. तुला ते पुरतं म्हणता यायचं नाही. तू नुसतं 'बा, बा' म्हणायचास. आणि हातातलं काम टाकून ती दर वेळी ओ द्यायची."