हनुमंतमामांचं पिंप बिघडलंय

एका सकाळी हनुमंतमामांनी दारात उभं राहून जाहीर केलं की महाराजांच्या हत्तिणीनं अंडं घातलं. गल्लीत कुणीही हसलं नाही. समोरच्या सीतक्कांनी झाडू थांबवला.

"केवढं?"

"घागरीएवढं."

"अय्यो," म्हणून सीतक्कांनी ते शेजारच्या घरी पोचवलं, आणि दुपारपर्यंत अंड्याला तडा गेल्याची बातमी बाजारातून परत आली.

तुम्ही आमच्या म्हैसुरातल्या रंगारी गल्लीत राहिलेले नाहीत, म्हणून सांगतो. निळीचं पिंप बिघडलं, कापडाला रंग धरेना, की रंगाऱ्यानं एक सणसणीत खोटी बातमी उठवायची. मात्र ती दुसऱ्या कुणीतरी खरी मानून पुढं न्यायला हवी. कुणी नेली नाही, तर ती सांगणाऱ्याच्याच घरात बसून राहते आणि पिंप मरतं. त्यामुळे आमच्याकडे खोट्याला तोंडावर खोटं म्हणणं म्हणजे शेजाऱ्याच्या पोटावर पाय.

मी स्वतः रंगारी नव्हे. आम्ही शिलेदार. दसऱ्याच्या स्वारीत निशाण घेऊन घोड्यावर बसायचा मान आमच्या घराकडं. वडील गेल्यावर तो माझ्याकडं आला, आणि मला घोड्यापेक्षा गर्दीची धास्ती. माणसं दाटली की छातीत धडधड सुरू व्हायची, बोटांना मुंग्या यायच्या, श्वास घशात अडकायचा आणि खात्री पटायची की आपण आत्ता, या क्षणी मरतोय. स्वारीच्या तालमीत असाच मेलो आणि घोडा सोडून एका बांगडीवाल्याच्या दुकानात शिरलो. तिथल्या बायकांनी मला बसायला पाट दिला. आता दसऱ्याला पुन्हा असं झालं, तर मान चुलतभाऊ खंडेरावाकडं जाणार होता. त्याला भीती वाटत नसे. तेवढी अक्कल नव्हती.

वैद्यांचा काढा झाला, ताईत झाला. शेवटी आई म्हणाली, "हनुमंताकडं जा. त्याला मेस्मेरिझम येतं, मोहिनीविद्या."

मामा ही विद्या मद्रासच्या एका मेस्मेरिझमवाल्याकडून शिकले होते. त्या माणसाची दाढी मामांच्या सांगण्यात कधी काळीभोर असे, कधी तांबडी, आणि एकदा तर दाढीच नव्हती.  मी मनाशी म्हटलं, पिंप बिघडलं असेल.

त्यांची रंगाची खोली अर्धवट अंधारी. जमिनीत पुरलेली पिंपं, आंबूस वास, आणि निळीवर तांब्यासारखी चकाकणारी साय. खालून कुणीतरी डोळा लावून बसल्यासारखी. मामांचे हात कोपरापर्यंत इतके निळे, की त्या काळोखात दिसतच नसत. पिंपातून कापड आपलं आपण वर येई.

"सुम्ने," आवाज आला. सुम्ने म्हणजे उगी, काही न करता. मामांच्या दर तिसऱ्या वाक्यात तो शब्द असे. "सुम्ने बस, शिलेदार. कापडाकडं बघ. काय रंग?"

"हिरवा."

"कच्चं आहे. तुझी भीतीसुद्धा कच्चीच. हाकलू बेडा, हाकलू नको तिला. वारा लागू दे. श्वास सोड... बघ, निळं व्हायला लागलं."

खरंच, हिरवं कापड डोळ्यांदेखत निळं होत होतं. मामांचा आवाज कुठून येतोय ते कळेनासं झालं. आधी समोरून, मग मागून, मग पिंपातून. माझे हातपाय कुणाचे तरी दुसऱ्याचे झाले. नंतरचं मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा मामा माझी शेंडी धरून मला मागं ओढत होते. मोहिनीच्या भरात वाकता वाकता शिलेदारांनी पिंपात नाक बुडवलं होतं.

नाकाचा शेंडा आधी हिरवा झाला, मग वाऱ्यानं निळा. निळीचा रंग पक्का असतो, हा मामांच्या धंद्याचा अभिमान. दसऱ्याला मी तसाच घोड्यावर बसलो. (पुढं खंडेरावानं गंभीरपणे चौकशी केली, की नाक रंगवायचा मानही आमच्याच घराकडं आहे का.)

चौकात गर्दीची भिंत उभी राहिली आणि ते आलं. मुंग्या, धडधड, घशात गाठ. हातातलं निशाण कलू लागलं. बांगडीवाल्याचं दुकान उघडंच होतं. तेवढ्यात अगदी कानापाशी कुणीतरी म्हणालं, "हळू रे, वेड्या. कुठं पळायचंय?"

बाईचा आवाज होता. घोड्याशेजारी कुणी नव्हतं.

मी श्वास सोडला. भीती आली, वारा खाल्ला, गेली. निशाण सरळ झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नारळ घेऊन मामांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. ते कापड पिळत होते. आवाजाचं ऐकून त्यांचे हात थांबले.

"काय म्हणाली?"

मी शब्द सांगितले.

"वेड्या म्हणाली?" मामा पिंपाच्या काठावर बसले. "ते मी तुला कधीच सांगितलं नव्हतं."

मोहिनीत सांगितलं असेल, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

"मद्रासचा कुणी नव्हता रे. तुझं दुखणं आधी माझं. रुक्मी मला इथं बसवायची, कापड दाखवायची, असंच, वेड्या म्हणून बोलायची." रुक्मक्का म्हणजे मामी. प्लेगात हुणसूरला माहेरी गेली होती. ती आजारी असल्याचा निरोप आला तेव्हा मामा निघाले, पण वाटेत येलवालला प्लेगच्या पहाऱ्यानं अडवलं. सोडलं तोवर तिला अग्नी दिला होता. "दुसऱ्याला सांगता येतं," मामा म्हणाले. "स्वतःला सांगायला गेलं, की आवाज माझाच येतो."

मग एकदम उठून ते दाराशी गेले आणि रस्त्याकडं बघत म्हणाले, "रुक्मी उद्या येतेय हुणसूरहून. गाडी येलवालपर्यंत आलीय."

मी पिंपात पाहिलं. साय अखंड होती, तांब्यासारखी झगझगीत. कापडाचं टोक वर काढलं; हिरवं होतं, बघता बघता सुरेख निळं झालं. पिंपाला काहीच झालं नव्हतं.

मामांनी एक हात छातीवर दाबून धरला होता. 

"मामा, पिंप तर ठीक आहे," हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं.  त्या दिवशी कसं कोण जाणे, गिळलं, आणि रस्ता ओलांडला.

सीतक्का ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या.

"रुक्मक्का उद्या येतायत," मी म्हणालो. "गाडी येलवालला आलीय."

सूप थांबलं. त्यांनी माझ्या निळ्या नाकाकडं पाहिलं, मग समोरच्या दाराकडं. 

"मग हनुमंताला सांग, उद्या चूल पेटवू नकोस," त्या म्हणाल्या. "दोघांचं जेवण मी पाठवते."

सूप खाली ठेवून त्यांनी पदर सारखा केला, आणि बातमी घेऊन शेजारच्या घरी गेल्या.