मोतीरामकाकांचं तेलाशी वैर

लग्नाच्या पंगतीत वांग्याच्या भाजीवर तेलाची तर्री दिसली की आमचे शेजारी मोतीरामकाका खिशातून कापसाची वात काढतात, तर्रीत बुडवतात आणि सर्वांदेखत तिला काडी लावतात. वात पेटते. काका वऱ्हाड्यांकडे बघून गंभीरपणे म्हणतात, "हेच छातीत जळते, बापा." मग स्वतः वरणभाताचा डोंगर कालवायला घेतात. त्यांच्या शेजारचं पान मी कधी सोडत नाही. असं नाटक आंधळगावात दुसरीकडे कुठे बघायला मिळणार?

गेल्या वर्षी काकू हृदयविकारानं गेल्या. तेव्हापासून काकांनी घरातलं तेल हद्दपार केलं. फोडणी बंद, तूप बंद, देवापुढचा दिवासुद्धा विजेचा. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. कोणी काही बोललं तर बिनतोड सवाल तयार, "धानात कुठं तेल असते?"

तरी रक्ताच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड नावाची चरबी दर खेपेला वरच. काकांचा संशय असा की कोण्या तेलखाऊचं रक्त त्यांच्या नावावर लागत असावं. शेवटी मीच त्यांना मोटरसायकलवर बसवून भंडाऱ्याला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. शरीराला लागतो त्याहून जास्त भात पोटात गेला, की यकृत त्याचीच चरबी करून रक्तात सोडतं. नुसतं तेल सोडून भागत नाही. हृदय सांभाळायचं असेल तर भात निम्म्यावर आणा.

मला वाटलं, आता काका धानाची वकिली सुरू करणार. मी खुर्ची जरा पुढे ओढली. पण ते खाली बघत राहिले.

"बाई, एकट्यापुरता भात रांधाचा कसा, ते मले येत नाही," ते म्हणाले. "हात दोघांचाच अंदाज घेते."

उरलेला कुणाला तरी देत जा, असं बाईंनी सुचवलं.

"तो तिच्या वाट्याचा असते. दुसऱ्याले कसा देऊ? मीच खातो."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

परतताना मी सहज बोलल्यासारखं सांगितलं, की घरच्या पोळ्यांचा कंटाळा आलाय, उद्यापासून दुपारी तुमच्याकडे जेवीन. घरासमोर उतरून काकांनी टोपी झटकली, नीट डोक्यावर बसवली.

"टाइमावर येजा, भाऊ. थंडा भात ती कोणालेच वाढत नव्हती."