‘सुंदर’ हे काय माप हाय?

सोपानआप्पांच्या खिशात पेनाच्या जागी माप घ्यायचा व्हर्निअर असतो. रांजणगावच्या कारखान्यात अख्खी नोकरी ड्रॉइंगबरहुकूम माल तपासण्यात गेली. रिटायर होऊन शिरूरला माझ्या शेजारी राहायला आले, तरी खोड गेली नाही. माझ्या बायकोच्या चकल्यांनाही त्यांनी माप लावलं आणि तीन बाजूला काढल्या. "ड्रॉइंगपरमानं न्हाईत. रिजेक्ट." बाजूला काढलेल्या मात्र स्वतःच खाल्ल्या.

अशा माणसाला मी फोनवर एआयकडून चित्र काढून घ्यायला शिकवलं, ही माझी चूक. रोज संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसू लागले. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं, ‘सुंदर बाई, चुलीपुढं.’ आली ती लिपस्टिक लावलेली, एका हाताला सहा बोटं. मी हसलो. आप्पा गंभीर.

"मशीनचा दोष न्हाई, सर. ‘सुंदर’ हे काय माप हाय?"

मग मापं सुरू झाली. नऊवारी, हिरवी, धुऊन विटलेली. डाव्या हातावर तुळशीचं गोंदण. चूल मातीची, धूर उजवीकडं, कारण खिडकी उजवीकडं. निमोण्याच्या त्यांच्या जुन्या घरातलं स्वयंपाकघर फोनमध्ये हळूहळू उभं राहिलं, आणि मलाही माझ्या लहानपणच्या धुराचा वास येऊ लागला. नवं चित्र आलं की आप्पा आधी बोटं मोजायचे, मग चेहरा बघायचे आणि म्हणायचे, "रिजेक्ट."

महिनाभरानं माझा धीर सुटला. "आप्पा, आईच ना ही तुमची? मग चेहरा कसा होता ते लिहा की एकदाचं."

आप्पांनी फोनच्या काचेवरून अंगठा फिरवला.

"त्येचंच ड्रॉइंग न्हाई, सर. चार वर्साचा हुतो, ती गेली तवा. फोटू कुणी काढलाच न्हाई. ती भाकरी थापायची आन् मी मागं बसायचो, तिच्या पाठीला टेकून. हात ध्यानात हायेत. पाठ ध्यानात हाय."

मला फार वाईट वाटलं. महिनाभर मी त्यांची थट्टाच करत होतो.

त्यांनी चष्मा पुसला आणि मजकुरात एकच शब्द वाढवला, ‘पाठमोरी’.

आलेल्या चित्रातली बोटं त्यांनी मोजली नाहीत. नुसतं "पास" म्हणाले.

आता ते चित्र फ्रेम करून आप्पांच्या घरी, त्यांच्या वडिलांच्या फोटोशेजारी लावलेलं आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, बाई अशी पाठ करून का बसलीय?

आप्पा म्हणतात, "भाकरी थापतीया. हाक मारली की बघंल."